तारीख बघून

गुदैबियाच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर
आमच्या मंडळाची खोली.
आत गणपतीचं मखर, सतरंज्या, बिघडलेला माईक,
आणि गेल्या तीन वर्षांपासून चार लोखंडी कपाटं:
तांदूळ, तूरडाळ, तेल, टूनाचे डबे, बाळाचं दूध.

वही माझ्याकडे.
डाव्या पानावर जमा लिहिलं, उजवं कोरंच राहिलं.
पोटात गेलं त्याला खर्च म्हणायला
जीभ वळेना.

गाडी परकारचाचांची. मूळ दाभोळचे.
चाळीस वर्षं मनामात, बोलणं अजून खाडीकाठचं:
"वैनी, लोका देतात गो,
पन घरातला कपाट साफ करून देतात!"
खोटं नाही.
पास्त्याचं पाकीट आलं, मुंग्यांसकट.
उंची ऑलिव्ह तेल आलं, तारीख मागच्या रमजानची.
मिठाईचं खोकं आलं, जरीची झालर लावलेलं,
आत दोन काजू, तेही तुटके.

आणि एक पाकीट येतं दर महिन्याला,
पाच दिनार, नाव नाही,
कोपऱ्यात पेन्सिलीची टिकली फक्त.
वहीत मी त्यांना टिकलीवाले लिहिते.
बाई आहे की बाप्या, ठाऊक नाही.
उन्हाळ्यात, सगळे गावी गेलेले असताना,
टिकली येते.

शुक्रवारी सकाळी मुलं जमतात, नऊ-दहा.
कुठल्याच शाळेच्या पटावर नाहीत ती.
कुणाच्या आईचा व्हिसा संपला,
कुणाच्या बापाची कंपनी बुडाली
आणि पासपोर्ट घेऊन बुडाली.
गोष्टींची पुस्तकं, कॅरम, खडू, केळी,
सगळं देणगीतलं.
अंक मात्र आम्ही डब्यांवर शिकतो.
डबा उलटा कर. तारीख वाच.
आधी संपणार ते पुढे,
मग संपणार ते मागे.
महिने असे पाठ झाले त्यांना:
चणे म्हणजे मार्च, टोमॅटो म्हणजे ऑगस्ट.

दिलशान सात वर्षांचा. आई कुरुनेगलाची,
कुणाच्या घरी कामाला होती ते सांगत नाही.
सगळ्यांत चपळ बोट त्याचं.
एका शुक्रवारी डबे लावता लावता थांबला,
मनगट उलटं केलं, तळवा बघितला,
शर्ट वर करून पोट बघितलं
आणि विचारलं, चार भाषांच्या खिचडीत:
"टीचर, माझी कुठे छापलीय?
अम्माची गेली म्हणतात."

एसी घरघरत राहिला.
परकारचाचा खांद्यावर पोतं घेऊन
दारात तसेच.
वीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे बसले मी,
माझ्याकडे उत्तर नाही असं सहसा होत नाही.
म्हटलं, "ती बरणी आण."
चाचांनी गावाहून आणलेलं खडेमीठ,
लोणच्याच्या जुन्या बरणीत, झाकणाला फडकं बांधून.
"शोध तारीख."
त्याने शोधली. बूड, झाकण, चारी अंगं.
फडकं सोडून आतून बघितलं.
"नाहीये."
"मग?"
"मग ही कुठे ठेवू? पुढे की मागे?"
मी म्हटलं, "तुला वाटेल तिथे."
त्याने खूप विचार केला,
मधल्या फळीवर जागा केली,
आपला हात पोचेल एवढ्या उंचीवर.

मला भाषण येत नाही.
आमच्याकडे घरचं पीक आलं की
शेजाऱ्याकडे आधी वानवळा जायचा,
निवडून, पाखडून, सुपातला चांगला भाग.
तेवढं लक्षात ठेवून द्या.
तारीख बघून द्या.

या आठवड्यात हवं आहे:
बाळाचं दूध, दोन नंबरचं.
तेल, लहान बाटल्या, एका खोलीत सहाजण राहतात,
मोठी बाटली भांडण लावते.
आणि तपकिरी खडू.
बाकीचे रंग पडून आहेत,
तपकिरी दर शुक्रवारी संपतो.
ती एकमेकांचे चेहरे काढतात.